शेवटच्या मैलात इंजिन थांबलं तर

धावपट्टी समोर दिसत असते, त्यामुळे इंजिन बंद पडलं तरी विमान तरंगत पोहोचेल असं वाटतं. हिशेब काही वेगळंच सांगतो. उतरण्याचा नेहमीचा मार्ग ३ अंशांचा. टेकायची जागा १ सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर दूर असताना विमान जेमतेम ३२० फुटांवर, साधारण ९७ मीटर उंचीवर असतं. सेस्ना १७२ सारखं एका इंजिनाचं छोटं विमान इंजिनाविना, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पाती) मिटलेले असताना, मीटरभर खाली येता येता सुमारे ९ मीटर पुढे जातं. पल्ला झाला ८७० मीटर, निम्म्याहून कमी! फ्लॅप उघडे असतील किंवा समोरून वारा असेल तर त्याहूनही कमी. हातात वेळ उरतो तो पंचवीसेक सेकंदांचा.

म्हणून आधी नाक खाली, लगेच. या विमानाचा तरंगण्याचा योग्य वेग ६५ ते ६८ नॉट (ताशी सागरी मैल). उतरताना तो आधीच तेवढाच असतो, म्हणजे गाठीला शिल्लक काही नाही. धावपट्टी गाठायला नाक वर ओढलं की वेग घटतो, हवेचा अवरोध वाढतो, विमान आणखी आधी खाली येतं आणि शेवटी स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल कोसळते. पुढच्या काचेत जी जागा वर-खाली सरकत नाही, तिथे आपण पोहोचणार. धावपट्टीचं टोक काचेत वर सरकू लागलं तर तो नाद सोडावा आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तीसेक अंशांत मिळेल ते मोकळं रान धरावं. जोरात वळणं महागात पडतं: ४५ अंश कलून उंची राखत वळताना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो.

फ्लॅप पूर्ण उघडे असतील तर टप्प्याने कमी करता येतात, पण मिटताना विमान आधी खाली बसतं. जमीन जवळ असताना हा व्यवहार परवडत नाही.

उंची असेल तरच कारण शोधावं: दुसरी टाकी, मिश्रण रिच (हवेत इंधनाचं प्रमाण जास्त), असल्यास विजेचा इंधन पंप, कार्बोरेटर हीट (हवा-इंधन मिसळणाऱ्या कार्बोरेटरला गरम हवा). या शेवटच्याकडे फार दुर्लक्ष होतं. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी झडप) मिटलेला असताना कार्बोरेटरच्या अरुंद नळीत हवेचा दाब घटतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. दमट हवेत, बाहेर २५ अंश असले तरी, आत बर्फ धरतो. म्हणून हीट थ्रॉटल कमी करण्याआधीच लावायची. बर्फ वितळून आत जाताना इंजिन थोडा वेळ खडखडतं. त्याला घाबरून ती बंद करू नये.

जागा पक्की झाली की इंधन आणि इग्निशन बंद, दार किलकिलं. विजेवरचे फ्लॅप हवे तेवढे उघडल्यावरच मास्टर स्विच, म्हणजे विमानाची मुख्य वीज, बंद. ताशी ८० किलोमीटर वेगाचं विमान ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या मंदनाने ३ मीटरांच्या आत थांबतं. ताशी १६० ला चौपट अंतर लागतं. म्हणून शक्य तेवढं वाऱ्याच्या तोंडी, ताबा न सोडता कमीत कमी वेगाने टेकायचं, आणि झुडपांचा मार पंखांना खाऊ द्यायचा.