आठ नंबरची सुई: ठाणे-नवी मुंबईतील लोकरीच्या विणकामाची पार्श्वभूमी

ठाण्यात थंडी अशी पडतेच किती, हा प्रश्न लोकर विणणाऱ्या प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेला असतो. त्याचे उत्तर बाळंतविड्यात आहे. कुंची, टोपडे आणि दुपटे ही मूळची सुती कापडाची. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांतून दोन सुयांचे विणकाम आपल्याकडे रुजले आणि कालांतराने लोकरीचे टोपडे, मोजे व स्वेटर बाळंतविड्यात येऊन बसले. त्यापूर्वीचा, इजिप्तमधील जुन्या सुती मोज्यांपर्यंत जाणारा इतिहास येथे बाजूला ठेवला तरी चालण्यासारखे आहे. १९६२ च्या चीन युद्धात सीमेवरील जवानांसाठी घरोघरी स्वेटर आणि मोजे विणले गेले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे शिवण-टिपणाबरोबर विणकाम येणे हेही गृहीत धरले जाऊ लागले. स्वतःसाठी मात्र क्वचितच कोणी काही विणत असे. विणायचे ते भाच्याला, नातवाला किंवा उत्तरेत बदली झालेल्या जावयाला.

हे चित्र अलीकडे बदलले. ऐरोली-महापे पट्ट्यातील कार्यालये दिवसभर गारठवतात. २०२० च्या जानेवारीअखेर ठाणे-पनवेल मार्गावर वातानुकूलित लोकल धावू लागली. आणि अमेरिकेतील मुलांना पाठवायच्या खोक्यात लाडवांच्या डब्याशेजारी टोपी जाऊ लागली. काउल, म्हणजे दोन्ही टोके जोडलेला मफलर, हा प्रकार याच काळातला. त्याला धड मराठी नाव मिळालेले नाही, आणि 'गळपट्टा' म्हणावे तर डोळ्यांसमोर भलतेच काही उभे राहते.

नव्या वस्तूंबरोबर नमुनेही नवे, बहुतांशी अमेरिकन आले, आणि तेथेच सुईच्या नंबराचा घोळ सुरू झाला. आपल्याकडील नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि ते मुळात तारेच्या गेजवरून, म्हणजे जाडी दाखवणाऱ्या नंबरावरून, घेतलेले आहेत. तार जितक्या अधिक छिद्रांतून ओढावी तितकी ती बारीक होत जाते, म्हणून नंबर वाढला की जाडी घटते. वागळे इस्टेटमध्ये मोटार रिवाइंडिंग करणारा कारागीर बावीस गेजची तार अठरा गेजपेक्षा बारीक मानतो, त्यामागे हेच गणित आहे. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात: नंबर वाढला की सुई जाड. त्यामुळे आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तर त्यांची दहा नंबरची सहा मिलिमीटरची असते. हा फरक निदान हातात घेताच कळतो. खरा दगा आठ नंबर देतो, कारण आपली आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची आणि त्यांची पाचची, म्हणजे तफावत नजरेतून सहज सुटणारी.

प्रस्तुत लेखिकेची पहिली अमेरिकन टोपी अशीच फसली. नमुन्यात ९० टाके आणि चार इंचांत १८ टाक्यांचा हिशेब होता, म्हणजे घेर २० इंच व्हायला हवा होता. घरातल्या आठ नंबरच्या सुईवर चार इंचांत २२ टाके बसले, घेर साडेसोळा इंचांच्या आत आला, आणि नवऱ्यासाठी विणलेली टोपी शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाला तंतोतंत बसली.

यावर शिकवणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो की नंबर सोडून द्यावेत आणि केवळ मिलिमीटर लिहावेत; ब्रिटनने स्वतःच मागच्या पिढीत ते स्वीकारले आहेत, तेव्हा आपणच जुने ओझे का वाहावे? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की आईच्या, आजीच्या वह्यांत सगळे हिशेब नंबरांत आहेत, सुयांच्या डोक्यावर तेच कोरलेले आहेत आणि दुकानदारही तेच मागतो. हे म्हणणे भावनेचे असले तरी निराधार नाही. तरीही पाच मिलिमीटरला दोन देशांत दोन नावे असताना नंबराचा आग्रह धरणे म्हणजे उसवण्याची तयारी ठेवणे होय. भोके पाडलेली मापपट्टी पिशवीत असली की निम्मा वाद मिटतो, कारण सुई ज्या भोकातून नीट जाते तेच तिचे माप.

शालीच्या बाबतीत हा घोळ फारसा नडत नाही. दोन-चार इंच कमीजास्त झाले तरी शाल शालच राहते, म्हणून भेट देण्यासाठी विणायला निघालेल्या नवख्या हातांना जाळीच्या टाक्यांची त्रिकोणी शाल सुचवली जाते. तेथे अडचण वेगळीच निघते. अशी शाल विणून झाल्यावर ओली करून टाचण्यांनी ताणून वाळवावी लागते, तेव्हा कुठे जाळी उघडते. आणि ही युक्ती मेंढीच्या लोकरीवर उत्तम चालते. आपल्या दुकानांत 'लोकर' म्हणून जी गुंडी मिळते ती बहुधा ॲक्रिलिकची असते. बाळाच्या टोपड्यासाठी ती मऊ आणि धुवायला सोपी म्हणून उत्तमच, परंतु तिची शाल कितीही ताणून वाळवली तरी टाचण्या काढल्या की जाळी पुन्हा मिटते.