फवारा लागतो कुठे?

कोबीच्या पानावरची अळी भिंगाखाली धरली की तिच्या दोन्ही कुशींवर छोट्या गोल ठिपक्यांची ओळ दिसते. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. ही श्वसनरंध्रं. अळी तोंडाने श्वास घेत नाही आणि तिला फुप्फुसंही नाहीत. रंध्रांतून शिरलेली हवा बारीक नळ्यांत जाते आणि या नळ्या फाटे फुटत फुटत थेट पेशींपर्यंत पोचतात. ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम रक्ताकडे नाही, म्हणूनच बहुतेक कीटकांचं रक्त लाल नसतं. फांदीला चिकटून बसलेल्या खवले किडींवर तेलाचा फवारा मारतात तो या रंध्रांसाठीच. मेणचट अंगावरून पाण्याचा थेंब ओघळून जातो, तेल मात्र पसरतं आणि रंध्रं बुजवून टाकतं.

कीड आवरायचा कोणताही उपाय घ्या, तो शेवटी किडीच्या शरीरातल्या एखाद्या ठिकाणी जाऊन लागतो. ते ठिकाण कोणतं हे कळलं की उपाय कधी चालेल, कोणत्या किडीवर चालणारच नाही आणि किडीसोबत आणखी कोणाचा जीव घेईल, हेही बऱ्याच अंशी कळतं. यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच सगळ्यांत शेवटी विचारला जातो.

कीटकाचा सांगाडा अंगाच्या बाहेर असतो. कायटिन हा चिवट पदार्थ आणि प्रथिनं यांचं ते कवच, आणि त्यावर मेणाचा अतिशय पातळ थर. शरीर जितकं लहान तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा, त्यामुळे हा मेणाचा थर नसता तर कीटक काही तासांत सुकून गेला असता. साठवलेल्या धान्यातल्या सोंडे-भुंग्यांवर डायटमची माती चालते ती याच कारणाने. डायटम या सूक्ष्म शैवालाच्या कवचांची ती भुकटी असते. ती मेण शोषून घेते, कवच ओरखडते आणि किडा पाण्यावाचून मरतो. यात विषाचा संबंध नाही. हवा दमट असेल तर मात्र हा उपाय ढिला पडतो.

बाहेरच्या सांगाड्याची खरी अडचण वाढीच्या वेळी येते. कवच ताणलं जात नाही, म्हणून ते टाकून द्यावं लागतं. जुन्या कातीखाली नवी मऊ कात तयार होते, जुन्या कातीचा आतला भाग विरघळून शरीरात परत शोषला जातो, मग पाठीवर उभी चीर पडते आणि कीटक त्यातून बाहेर येतो. हवा किंवा पाणी गिळून तो अंग फुगवतो आणि नवी कात कडक होण्याआधी तिला मोठा आकार देऊन घेतो. झाडाच्या खोडावर रातकिड्याची किंवा सिकाडाची रिकामी कात चिकटलेली दिसली तर ती अलगद काढून आत पाहा. चिरेजवळ पांढरे धागे लोंबत असतात. ते श्वासनळ्यांचं अस्तर. कात टाकताना कीटक अंगावरचं कवच तर सोडतोच, श्वासनळ्यांचं आणि आतड्याच्या पुढच्या-मागच्या भागांचं अस्तरही ओढून बाहेर काढतो. इतक्या नाजूक वेळी त्याला पळता येत नाही, खाता येत नाही आणि लढताही येत नाही.

या सगळ्याची वेळ संप्रेरकं ठरवतात. एकडायसोन कात टाकायला लावतं. बाल-संप्रेरक ठरवतं की कात टाकल्यावर पुन्हा पिल्लूच राहायचं की प्रौढ व्हायचं. याचा एक विलक्षण पुरावा 1960च्या दशकात हाती लागला. कारेल स्लामा हे संशोधक प्रागहून अमेरिकेत हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांनी आपले लाल-काळे ढेकूण सोबत आणले होते. प्रागमध्ये या ढेकणांची पिल्लं पाच अवस्थांनंतर बिनबोभाट प्रौढ होत. हार्वर्डमध्ये ती सहाव्या, काही तर सातव्या अवस्थेत जाऊन अवाढव्य पिल्लं बनायची आणि प्रौढ न होताच मरायची. अन्न, पाणी, उजेड असं एकेक तपासत गेल्यावर दोष सापडला तो ढेकणांच्या भांड्यात अंथरलेल्या कागदी टॉवेलात. अमेरिकी वृत्तपत्रांच्या कागदानेही तेच होत होतं, लंडनच्या वृत्तपत्राच्या कागदाने मात्र काहीच होत नव्हतं. अमेरिकी कागदाच्या लगद्यात बाल्सम फर नावाच्या झाडाचं लाकूड होतं आणि त्या लाकडात बाल-संप्रेरकासारखं काम करणारा पदार्थ होता. शोधाचा निबंध 1965 साली प्रसिद्ध झाला.

या हकिकतीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट अशी की त्या पदार्थाचा परिणाम ढेकणांच्या एकाच कुळापुरता होता. कापसावरचा लाल ढेकूण त्याच कुळातला. बाकीच्या कीटकांना त्या कागदाने काही झालं नाही. एका झाडाने लाखो वर्षांत असं नेमकं हत्यार घडवलं असेल, तर माणसालाही ते जमायला हवं, ही आशा तिथून बळावली.

कातीवर हल्ला करणारी औषधं पुढे आली. डायफ्लुबेन्झुरॉन कायटिन तयार होऊ देत नाही. फवारल्यावर अळी लगेच मरत नाही, एखाद-दोन दिवस खातही राहते. कात टाकायची वेळ आली की नवं कवच फाटतं आणि ती मरते. ‘औषधाने काही झालं नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरं औषध मारणं इथे निव्वळ नासाडी ठरते. पतंग झालेल्या किडीवरही याचा फारसा उपयोग नाही, कारण पतंग कात टाकत नाही. आपल्या शरीरात कायटिन नाही, म्हणून आपल्याला धोका कमी. पण कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचात कायटिन असतं आणि तेही कात टाकतात. पाण्याजवळ हे औषध जपून वापरायचं ते यासाठी.

आता तोंड. अळीला चावणारे जबडे असतात. फुलकिड्याला जबडा एकच, डावा. उजवा वाढतच नाही. त्या एका सुळ्याने तो पेशीला भोक पाडतो आणि आतला रस ओढून घेतो. रिकाम्या पेशींत हवा शिरते आणि पानावर चंदेरी चट्टे उमटतात. माव्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या सोंडेत चार सुया एकमेकींना घट्ट धरून एकच धागा बनतात. हा धागा पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढत अन्नरस वाहणाऱ्या नलिकेपर्यंत पोचतो. तिथे रस इतक्या दाबाखाली असतो की माव्याला तो ओढावाही लागत नाही. 1950च्या दशकात संशोधकांनी रस पिणाऱ्या माव्याचं शरीर कापून बाजूला केलं आणि सुया पानातच राहू दिल्या, तर त्या तुटक्या सुयांमधून रस तासन्‌तास ठिबकत राहिला. वनस्पतीचा शुद्ध अन्नरस मिळवायची ती आजही उत्तम युक्ती मानली जाते. रसात साखर भरपूर, प्रथिनांचा कच्चा माल तुटपुंजा. म्हणून मावा खूप रस पितो आणि जास्तीची साखर बाहेर टाकतो. पानावरचा चिकटा तो हाच. त्यावर काळी बुरशी वाढते.

हे तोंड समजलं की पानावर पसरलेलं पोटविष माव्याला का लागू पडत नाही हे सांगावं लागत नाही. तो पानाचा पृष्ठभाग खातच नाही. त्याच्यासाठी औषध अंगावर पडायला हवं, नाहीतर आंतरप्रवाही औषध रसात उतरायला हवं. रसात उतरलेलं औषध मात्र फुलातल्या मधात आणि परागकणांतही पोचू शकतं, आणि तिथे मधमाशी येते. शिवाय काही विषाणू मावा नुसतं टोचून पाहतो त्या काही सेकंदांत झाडात सोडतो. बटाट्याचा वाय विषाणू त्यातलाच. औषधाने मावा मरतो, पण तोवर रोग देऊन झालेला असतो.

अळीचं पोट ही आणखी एक नेमकी जागा. अन्ननलिकेच्या मधल्या भागाला कवचासारखं अस्तर नसतं आणि पुष्कळ अळ्यांमध्ये तिथला रस तीव्र अल्कधर्मी असतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या जिवाणूचे प्रथिनस्फटिक तिथेच विरघळतात. पचनरसाने त्यांचे तुकडे होतात, ते आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक ग्राहकांना, म्हणजे विशिष्ट रेणू पकडणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतात आणि पेशींना भोकं पाडतात. अळी काही तासांत खाणं सोडते आणि काही दिवसांत मरते. आपल्या जठरात आम्ल असतं आणि ते ग्राहकही आपल्याकडे नाहीत. 1901 साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिड्यांना मारणारा हा जिवाणू सापडला. एका उद्योगाचा शत्रू म्हणून जो ओळखला गेला, तोच पुढे पिकांचा राखणदार झाला.

मज्जासंस्थेची गोष्ट याच्या उलट आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी 1939 साली ओळखला आणि 1948 साली त्यांना नोबेल मिळालं. चेतापेशींतले सोडियमचे दरवाजे डीडीटी मिटू देत नाही, त्यामुळे कीटक थरथरत मरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं ज्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात तो तर आपल्या, पक्ष्यांच्या आणि मधमाश्यांच्याही चेतांमध्ये आहे. फवारणी करणाऱ्याला विषबाधा होते ती म्हणूनच. मित्रकीटकही सुटत नाहीत. कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणाऱ्या खवले किडीला 1888 पासून ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या व्हेडालिया नावाच्या ढालकिड्याने आटोक्यात आणलं होतं. 1940च्या दशकात त्या बागांत डीडीटी आलं, ढालकिडे मेले आणि कीड परतली.

मिशांवरचा हल्ला मला सगळ्यांत सुबक वाटतो. नर पतंगाच्या फणीसारख्या मिशा मादीच्या गंधाचे मोजके रेणूही टिपतात. 1959 साली रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे 5 लाख मादी रेशीमपतंगांपासून असा गंध पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळवला. प्रत्येक जातीचा गंध वेगळा, म्हणून कामगंध सापळ्यात दुसऱ्या जातींचे पतंग सहसा येत नाहीत. पण चार सापळे लावले म्हणजे कीड संपली असं होत नाही. सापळ्यात नर येतात, आणि बाहेर राहिलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळ्याचं खरं काम वेळ सांगण्याचं आहे. पतंग वाढले की काही दिवसांत अंड्यांतून अळ्या निघणार. अळी आयुष्यभर जेवढं खाते त्यातला मोठा वाटा शेवटच्या दोन अवस्थांत खाते, आणि खोडात किंवा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. उपाय करायचा तर त्याआधीच्या थोड्या दिवसांत.

एकाच जागी वारंवार घाव घातला की ती जागा बदलते. चुना-गंधकाच्या फवाऱ्याला खवले किडी दाद देत नाहीत हे कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी 1914 सालीच लिहून ठेवलं होतं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने पुढे बीटीलाही हरवलं. म्हणून कीटकनाशकांचे गट आता शरीरातल्या लक्ष्यावरून पाडले आहेत. गट 1 म्हणजे चेतांमधला तो विकर, 3 सोडियमचे दरवाजे, 11 आतड्यावरचं बीटी, 15 कायटिन, 28 स्नायूंतले कॅल्शियमचे दरवाजे. अनेक देशांत हा आकडा बाटलीवर छापलेला असतो. दोन बाटल्यांवर नावं वेगळी आणि आकडा एकच असेल, तर औषध बदललेलं नाही.