स्टेरॉइड मलम: किती तीव्र ते आधी ठरले, किती ग्रॅम ते फार उशिरा

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने आखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले. दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळाले. त्वचारोगतज्ज्ञांनी तेच औषध त्वचेवर लावून पाहिले, पण वरून लावल्यावर कॉर्टिसोनचा फारसा उपयोग होत नव्हता. मार्ग सापडला तो १९५२ मध्ये. मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन या त्याच कुळातल्या औषधाचे मलम वापरले आणि वर्षानुवर्षे डांबराच्या मलमांवर दिवस काढणाऱ्या इसबाच्या रुग्णांची खाज उतरली. हा दिलासा किती मोठा होता, हे विसरून या औषधांबद्दल बोलणे अन्यायाचे ठरेल.

पुढची शर्यत ताकदीची होती. रेणूत फ्लोरिन घातले की परिणाम वाढतो, हे लक्षात आल्यावर ट्रायम्सिनोलोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन ही औषधे आली. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी ताकद मोजायची सोपी पद्धत दिली. औषध हातावर लावायचे आणि रक्तवाहिन्या आकसून तिथली त्वचा किती पांढरी पडते ते पाहायचे. औषधांची उतरंड लावताना या चाचणीचा मोठा आधार मिळाला. ब्रिटनमध्ये चार पायऱ्या झाल्या, अमेरिकेत सात. सत्तरच्या दशकात आलेले क्लोबेटासोल थेट सर्वांत वरच्या पायरीवर बसले.

दुष्परिणामांच्या नोंदी मात्र तोवर सुरू झाल्या होत्या. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी दाखवून दिले की हातावर जेवढे हायड्रोकॉर्टिसोन शोषले जाते, त्याच्या सहापट कपाळावर, तेरापट जबड्याच्या त्वचेवर आणि ४२ पट अंडकोशाच्या त्वचेवर शोषले जाते. तळपायावर मात्र त्याच्या सातव्या हिश्श्याइतकेच. म्हणजे जागा बदलली की त्याच मलमाचा हिशेबही बदलतो. १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी स्टेरॉइडमुळे रूप पालटलेल्या, ओळखू न येणाऱ्या नायट्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी इयान स्नेडन यांनी रोझेशियाच्या, म्हणजे चेहरा लाल होण्याच्या त्वचारोगाच्या, रुग्णांवर तीव्र मलमांनी होणाऱ्या नुकसानाकडे लक्ष वेधले. क्लोबेटासोल दिवसाला अवघे २ ग्रॅम वापरले तरी शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीचे काम मंदावू शकते, हेही पुढे दिसले. आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जायचे नाही, ही मर्यादा त्यातूनच आली.

पण रुग्णाने ५० ग्रॅम ओळखायचे कसे? ‘पातळ थर लावा’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. कुणी थापून लावतो, कुणी स्टेरॉइडच्या धास्तीने नुसते बोट फिरवतो. दुसऱ्या प्रकाराकडे आपण फार कमी लक्ष देतो. दोन्ही पाय सोरायसिसने भरलेल्या माणसाच्या हातात १५ ग्रॅमची ट्यूब ठेवली, तर ती दोन-तीन दिवसांत संपते, आजार तसाच राहतो आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून चिठ्ठीत आणखी तीव्र मलम येते.

ताकदीचे माप १९६२ मध्ये मिळाले, पण प्रमाणाचे सोपे माप मिळायला १९९१ उजाडले. वेल्समधल्या कार्डिफचे लाँग आणि फिनले यांनी तर्जनीच्या शेवटच्या पेराचा आधार घेतला. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून त्या पेराच्या घडीपासून टोकापर्यंत मलमाची रेघ ओढली, की साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ते दोन तळहातांएवढ्या, बोटे धरून, जागेला पुरते. या रेघेएवढे मलम म्हणजे एक पेर. चेहरा आणि मान मिळून अडीच पेरे, एक हात तीन, पंजा एक, एक पाय सहा, पाऊल दोन, छाती-पोट सात, पाठ सात. सगळी बेरीज चाळीसच्या आसपास, म्हणजे पूर्ण अंगाला एका वेळी २० ग्रॅम. दोन्ही पाय पावलांसकट धरले तर १६ पेरे, ८ ग्रॅम. दिवसातून एकदा, दोन आठवडे लावायचे तर सुमारे ११० ग्रॅम. त्याउलट दोन्ही पंजांच्या इसबाला दिवसातून दोनदा लावूनही दोन आठवड्यांत ३० ग्रॅमची एक ट्यूब पुरते. ती पाचव्या दिवशी संपली, तर काहीतरी बिघडले आहे हे डॉक्टरला लगेच कळते. लहान मुलांसाठीही मोठ्या माणसाचेच पेर वापरायचे. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या पंजासकट एका हाताला एक पेर पुरे.

भारतात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. अनुसूची ‘एच’मधल्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, पण त्वचेवर लावायच्या मलमांना त्यातून सूट होती. त्यामुळे मेडिकलमधून क्लोबेटासोल सहज मिळत राहिले. स्टेरॉइडसोबत बुरशीनाशक आणि प्रतिजैविक घातलेली मिश्रणे नायट्यावर गेली, तर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबतची मलमे गोरेपणासाठी चेहऱ्यावर. चेहरा लाल, पातळ, मलम थांबवले की आग होणारा, आणि नायटा नेहमीच्या गोळ्यांनाही दाद न देणारा, असे रुग्ण देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागले. या तज्ज्ञांच्या संघटनेने नेटाने पाठपुरावा केला. अखेर मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांची ही सूट काढून घेतली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदी आली. त्यांत क्लोबेटासोलची काही मिश्रणेही होती.

चिठ्ठी सक्तीची झाली, तशी १९४५ च्या औषध नियमांतली एक जुनी अट या मलमांनाही लागू झाली. नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर औषधाची मात्रा तर हवीच, शिवाय एकूण किती औषध द्यायचे तेही लिहिलेले हवे. ‘क्लोबेटासोल, दोन्ही पंजांना, सकाळ-संध्याकाळ एकेका पंजाला एक पेर, दोन आठवडे, ३० ग्रॅमची एक ट्यूब, पुन्हा देऊ नये’ एवढे लिहायला अर्धा मिनिट लागतो.