‘नळ जरा आवळून बंद करा हं!’

घरातल्या किरकोळ दुरुस्त्यांविषयी, आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी

पाहुणे मोरीकडे निघाले की आपण मागून ओरडतो, ‘नळ जरा आवळून बंद करा हं!’ किंवा ‘दार थोडं उचलून लावा, मग कडी बसते.’ घरच्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या हाताला सवय झालेली असते. दुरुस्ती थकल्याची आमची खूण हीच. घरातली वस्तू कशी वापरायची हे पाहुण्याला समजावून सांगावं लागलं, की तिची वेळ भरली.

कामं आळसामुळे राहतात असं आम्हाला वाटत नाही. बंद पडलेला पंखा त्याच दिवशी दुरुस्त होतो, कुरकुरणारा मात्र तीन उन्हाळे काढतो. आमच्याच घरी गळक्या नळाला दीड वर्ष सुतळी बांधलेली होती. थेंब टपटप न वाजता सुतळीवरून निमूट बादलीत उतरायचा. दुकान नळांचं आणि घरी सुतळी! पण इलाज इतका छान चालला की नळ गळतोय हेच सगळे विसरले.

नळ गळायला लागला की घरातला प्रत्येक जण तो आणखी आवळतो. तिथेच बिघडतं. आत एक रबरी वायसर असतो, तो पितळेच्या बैठकीवर दाबला जाऊन पाणी अडवतो. जास्त आवळलं की रबरावर गोल चर पडतो, मग आणखी गळतं, मग आणखी आवळतात. एकदा नळाखाली लिटरचं माप ठेवून बघा. तासाभरात भरलं, तर दिवसाला 24 लिटर आणि महिन्याला 720 लिटर पाणी गेलं. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी हे, आणि तेही बहुतेक घरांत एक दिवसाआड येणारं.

वायसर तुम्हाला स्वतः बदलता येतो. आधी गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व बंद करा आणि नळ उघडा ठेवून पाइपातलं पाणी जाऊ द्या. पान्याला फडकं गुंडाळा, म्हणजे नळावर ओरखडे पडणार नाहीत. नळाचं वरचं अंग डावीकडे फिरवून काढा, जुना वायसर उचकटा, त्याच मापाचा नवा बसवा. नव्यानेही गळलं तर बैठक झिजली आहे. दुसरा वायसर आणू नका, आम्हाला सांगा. अर्ध्या-पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत बहुधा रबर नसतंच, चिनी मातीच्या चकत्या असतात. तिथे आतलं अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं.

फ्लशची टाकी गळते ती आवाज न करता. रात्री टाकीत कपड्यांची नीळ थोडी टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. खाली भांड्यात निळं पाणी उतरलं, तर टाकीतला सील गेला आहे.

दाराची तक्रार आमच्याकडे हटकून पावसाळ्यात येते. लाकूड फुगतं, दार घासतं. अशा वेळी रंधा मारून घेऊ नका, अगदी आमच्या माणसाने सुचवलं तरी. हिवाळ्यात लाकूड आकसलं की तिथे फट दिसेल. घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा आणि दिवाळीपर्यंत थांबा. बारा महिने दार खाली लोंबत असेल, तर बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. भोकात फेव्हिकॉल लावून गूल काढलेल्या दोन-तीन काड्या ठोका, वाळू द्या, मग स्क्रू पिळा.

विजेचं मात्र लांबवू नका. स्विच गरम लागतो, बोर्डातून चरचर ऐकू येते, जळकट वास येतो, यातलं काहीही असलं तर मेन बंद करून त्याच दिवशी बोलवा. गॅसचा वास आला तर आम्हाला नाही, 1906 वर फोन करा, आणि तोही घराबाहेर जाऊन.

बाकी कामं साठवली तरी चालतील. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा आणि आठवेल तसं लिहीत जा. चार-पाच झाली की एकदम बोलवा. आमच्या फेरीचे पैसे एकदाच पडतील.

सुतळी सोडली त्या रात्री आमच्या घरी सगळ्यांना बादलीतली ती बारीकशी धार ऐकू येईनाशी झाली, आणि इतके दिवस ती ऐकू येत होती हे तेव्हा कळलं. दाराचं तर विचारूच नका. आठ दिवस हात आपोआप ते उचलायचा आणि दार धाडकन लागायचं. मग दिवसातून दोनदा उगाच उघडून-लावून बघायचो. बिजागरी एवढी सुखाची वस्तू असेल असं वाटलं नव्हतं.

दुकानात येताना जुना वायसर खिशात घालून आणा, फुटका असला तरी. ‘तोच आपला नेहमीचा’ असं सांगितलंत तर आम्ही तीन मापं पुढे ठेवू, आणि घरी गेल्यावर त्यातलं एकही बसणार नाही.