वर्धा खोरे कोळसाक्षेत्र

वर्धा खोरे कोळसाक्षेत्र : चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत वर्धा नदीच्या दोन्ही बाजूंना वायव्य–आग्नेय दिशेने पसरलेले गोंडवनी काळातील (सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीपासून साचत गेलेल्या गाळाच्या खडकांतील) कोळसाक्षेत्र. वरोरा, माजरी, वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर आणि राजुरा ही त्यातील प्रमुख खाणगावे. भूशास्त्रीयदृष्ट्या हे प्राणहिता–गोदावरी खोऱ्याचे वरचे टोक असून आग्नेयेला हाच पट्टा तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणींकडे जातो.

येथील खडकांचा क्रम तळापासून पाहणे उद्बोधक ठरते. गोंडवनी खडकांच्या तळाशी तालचेर थर आहेत. ते हिमनद्यांनी आणलेल्या दगडगोट्यांचे व हिरवट शेलचे (चिखलापासून बनलेल्या पातळ पापुद्र्यांच्या खडकाचे) बनलेले आहेत. चंद्रपूरजवळ इरई येथे पैनगंगा चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले. आज देशातील अत्यंत तापणाऱ्या शहरांत गणल्या जाणाऱ्या चंद्रपूरच्या परिसरात सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ होते, याचा हा थेट पुरावा आहे. बर्फ ओसरल्यावर नदीकाठच्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिससारख्या वनस्पती साचत गेल्या. त्यांचा कोळसा बराकर थरांत आहे. बराकरवर विसंगतीने, म्हणजे मधल्या काळात झीज होऊन खंड पडल्यावर, कामठी वालुकाश्म बसला आहे. त्याही वर काही भागांत लॅमेटा नावाचे गाळाचे थर व दख्खनचा काळा पाषाण येतो. वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे मिळालेले डायनोसॉरचे जीवाश्म या लॅमेटा थरांतले.

व्यापारी महत्त्व प्रामुख्याने एकाच जाड थराला आहे. त्याची जाडी साधारण १५ ते २० मीटर असून काही ठिकाणी तो फुटून दोन-तीन थर होतात. वरचे किरकोळ थर क्वचितच काढण्याजोगे असतात. बराकर उघड्यावर फार थोडा दिसतो. बहुतेक कोळसा कामठीखाली दडलेला असल्यामुळे वेधछिद्रे घेऊनच त्याचा ठाव लागतो. कामठी वालुकाश्म पाणी धरून ठेवतो. त्यामुळे खाणीत सतत पाणी झिरपते, आणि ते उपसत राहिले की आसपासच्या गावांच्या विहिरींची पातळी खाली जाते. हा प्रश्न अनेकदा कारभाराचा म्हणून मांडला जातो, पण त्याचे मूळ खडकात आहे.

कोळसा कोक (पोलादाच्या भट्टीत लागणारा कठीण, सच्छिद्र कोळसा) न होणारा, जास्त ओलाव्याचा व बराच राखेचा आहे. पोलादासाठी तो निरुपयोगी, मात्र वीजनिर्मितीला चालतो. तो आपोआप तापून पेट घेतो. थर जाड असल्याने भूमिगत खाणीत पूर्ण उंचीचा कोळसा काढता येत नाही. खांब सोडून एखादा भाग काढायचा आणि उरलेला मागे ठेवायचा, हीच जुनी रीत. मागे राहिलेल्या या कोळशाला हवा लागून आगी लागत.

वरोऱ्याची सरकारी खाण १८७०च्या दशकात सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली गेली. १९०६ मध्ये खाणीवरची जमीन मोठ्या प्रमाणावर खचल्यानंतर ती बंद झाली. पुढे बल्लारपूर परिसर प्रमुख ठरला. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे ‘वेकोलि’, स्थापन झाली. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, निलजई, मुंगोली, उकणी अशा खुल्या खाणींनी उत्पादनाचा तोल बदलला. जुन्या भूमिगत कामांत सुटलेला कोळसाही खुल्या पद्धतीने मिळू शकतो, पण त्यासाठी वरचा सगळा खडक हलवावा लागतो. त्याचे डोंगराएवढे ढिगारे अनेक ठिकाणी वर्धा व इरई या नद्यांच्या काठाजवळच उभे आहेत आणि पुराच्या पाण्याची वाट अडवतात. दुर्गापूरलगतचे २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र हे या कोळशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक.