‘व्हिस्लरची आई’ हे त्या चित्राचं मूळ नाव नाही

मातृदिन आला की काळ्या पोशाखातल्या, बाजूने दिसणाऱ्या एका वृद्धेचं चित्र फिरू लागतं. सोबत ओळ असते: अमेरिकन चित्रकार व्हिस्लरने मातृप्रेमाला वाहिलेली ही आदरांजली, नाव ‘व्हिस्लरची आई’.

चित्रात त्याची आई ॲना आहे, हे खरं. पण १८७१ साली लंडनमध्ये रंगवलेल्या या चित्राला त्याने नाव दिलं ‘करड्या आणि काळ्या रंगांची रचना, क्र. १’. आपल्याला ते आईचं चित्र म्हणून जवळचं आहे, पण ती कोण याच्याशी लोकांना काय कर्तव्य, असं त्याने स्वतःच पुढे लिहिलं.

पडताळा घरीच घेता येतो. चित्र मोठं करून चेहऱ्यावर अंगठा ठेवा. उरतात ते काटकोन: भिंतीवरची चौकट, खालची काळी पट्टी, डावीकडचा नक्षीदार पडदा. आकृती मध्यावर नाही, खोली जवळजवळ सपाट. ही जपानी छापचित्रांची रीत. व्हिस्लर अशी छापचित्रं जमवत असे. साध्या, घरगुती विषयामागे पॅरिसमधलं शिक्षण आणि फ्रेंच वास्तववाद्यांचा सहवास आहे. मला तो पडदा फार बोलका वाटतो.

गैरसमज होणं अगदी साहजिक आहे. १९३४ साली अमेरिकेने मातांच्या सन्मानार्थ काढलेल्या ३ सेंटच्या टपाल तिकिटावर हेच चित्र कापून घेतलं आणि कोपऱ्यात फुलदाणी घातली. फ्रेंच सरकारने १८९१ साली विकत घेतलेलं मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचं आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहा: मूळ चित्रात फुलदाणी नाही.