कुत्रा केकाटत नाही म्हणजे पाय दुखत नाही?

"लंगडतोय पण ओरडत नाही ना, मग दुखत नसणार, सवय झालीये त्याला" हे बरेच वर्ष फिरतंय. वाटणं साहजिक आहे, पण तसं नसतं. केकाटणं बहुतेक अचानक लागलं की होतं, सांध्याचं जुनं दुखणं कुत्रा गपचूप सोसतो आणि दुखऱ्या पायावर वजन टाकायचं टाळतो, तेच लंगडणं.

घरी बघता येतं. झोपेतून उठताना पहिली चार पावलं आखडलेली आहेत का, जिना टाळतो का, एकच सांधा सारखा चाटतो का. पट्ट्याने सरळ चालवून समोरून व्हिडिओ काढा, पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. मागच्या दोन्ही मांड्या हाताने चाचपा, एक बारीक लागली तर तो पाय बरेच दिवस कमी वापरलाय.

मग डॉक्टर सांधे हलवून बघतात, लागला तर एक्स-रे. (एक्स-रे जेवढा खराब तेवढंच दुखणं, असंही नसतं बरं का.) वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानेच पुष्कळ फरक पडतो. आणि माणसांची आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी अजिबात देऊ नका, पोटात अल्सर होतो, किडनी जाऊ शकते.